पानांवरच्या रेघा

दीपालीने पुरावा ठेवला होता तो फरसाणाच्या रिकाम्या बरणीत. लाल झाकणाची पारदर्शक बरणी, दिवाळीत लांज्याच्या बाजारातून आलेली. फरसाण पोरांनी भाऊबीजेच्या आधीच संपवलं, आणि आठवडाभरापूर्वी तिच्यात लिंबाची पानं गेली. झाकण घट्ट लावून दीपालीने ती देवघराच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली, कारण तिथल्या वस्तूला घरात कुणी विचारल्याशिवाय हात लावत नसे. निदान वेदिका तरी लावणार नाही, असा तिचा हिशेब.

पान उजेडात धरलं की त्याच्यावर चंदेरी रेघ दिसायची. गोगलगाय फिरून गेल्यासारखी, पण गोगलगायीपेक्षा फार बारीक, वळसे घेत घेत पानाच्या कडेला जाऊन थांबलेली. तिथे पानाची कड दुमडलेली. अशी रेघ पडली की कोवळं पान आक्रसायचं, वळायचं आणि वाळायचं. कातळावरच्या घरच्या कागदी लिंबांच्या बागेतली वाटेकडची सगळी झाडं अशी झाली होती. त्याच झाडांना दीपालीने जास्त जीव लावला होता. वाटेवरून जाणाऱ्याची नजर आधी तिथे पडणार म्हणून शेणकाला तिथे, पेंड तिथे, पाण्याची वाढीव घागरही तिथेच. सगळ्यात आधी पालवी फुटली तीही तिथे. आणि रेघा उमटल्या त्याही तिथेच.

समर्थ, तिचा नवरा, हापूसवाल्यांच्या घरातला. त्याला झाड म्हटलं की फवारणी आठवते. आंब्याच्या तुडतुड्याला जे मारतात तेच त्याने लिंबावर मारलं, त्याच मापाने, आणि एकदा नव्हे, तीनदा. दर खेपेला नवी पालवी आली, आणि दर खेपेला रेघा आधीपेक्षा जास्त. तेव्हा घरात एक गोष्ट सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकली. इतकं विष मारून जे मरत नाही, ती कीड नव्हे. ते माणसाचं काम.

माणूस कोण, हे ठरवायला दीपालीला फवारणी करावी लागली नाही.

धाकटी जाऊ वेदिका दसऱ्याला भांडुपहून आली ती परत गेलीच नव्हती. तिचा नवरा अजिंक्य तिला सोडून दुसऱ्याच दिवशी मुंबईला परतला. "तिथली हवा सोसत नाही," एवढंच कारण सांगितलं. गेली सात वर्षं सोसत होती ती हवा आत्ताच का सोसेनाशी झाली, असं दीपालीला वाटलं. त्यातून गणपतीत अजिंक्य जेवता जेवता म्हणून गेला होता, की हायवेचं काम झाल्यावर कातळाला भाव येईल, मुंबईची एक पार्टी विचारत होती. समर्थचा घास तेव्हा हातातच राहिला होता. बाग उभी राहिली तर कातळ विकणार कोण? आणि बाग बसली तर धरून ठेवणार कोण? एवढं गणित दीपालीलाही येत होतं.

त्यात वेदिका तिच्या हातचं खाईना. भात आपला आपण वेगळा लावायची, चहा आपला आपण करायची. विचारलं तर "पथ्य आहे ताई" म्हणायची. आणि मग एके दिवशी सकाळी, कोंबड्यांना सोडायला गेलेल्या दीपालीला ती कातळावर दिसली. वाटेकडच्या झाडाशी वाकलेली. तिने पानाला हात लावला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पदरात काहीतरी घेऊन झपाझप निघून आली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दीपालीच्या मनात आधीपासून चुकचुकणारी पाल आता उघड उघड बोलू लागली.

शनिवारी सकाळी तिने सासूला सगळं सांगितलं. मैना पडवीत कुळीथ निवडत बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"सोताच्या डोळ्यांनी बघितलास?"

"दोनदा बघितलं, आई."

"आणि काय गो घेत होती पदरात?"

"ते मला काय ठाऊक? पण लपवून घेत होती. चांगल्या कामाला माणूस लपतो काय?"

"भांडुपात तिच्या शेजारी कोण ती बाय हाय, अंगारे देते ती," मैना आवाज खाली आणून म्हणाली. "मागे बोलली होती वेदिका. मी तेव्हाच मनात म्हटला, ह्या काय बरा नाय."

दीपालीला बळ आलं. सासू आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर अर्धं घर आपल्या बाजूला. ती म्हणाली, "मग अण्णांना सांगते. गावदेवीसमोर होऊन जाऊ दे काय ते."

तशी मैनाने सूप खाली ठेवलं. "देवळाची गोष्ट काढू नको, बाय. पाठीमागे बोलायचा वेगळा, नि देवीसमोर उभा करायचा वेगळा. एकदा सख्ख्यानं सख्ख्याला पायरीवर उभा केला की त्या घरात चूल एक राहत नाय. एकमेकांच्या घरचा पाणी तुटतो. माझ्या माहेरात झाला हाय ह्या."

"मग बाग बसू दे?"

कुळथातला एक खडा मैनाने उचलला, निरखला आणि अंगणात टाकला.

*

अजिंक्य दुपारच्या गाडीने आला. एरवी येतो तसा रिकाम्या हाताने नव्हे; सफरचंदं, डाळिंबं, सुक्या मेव्याची पाकिटं. पिशवी सरळ वेदिकाच्या खोलीत गेली. हेही दीपालीने पाहिलं.

संध्याकाळी सगळे पडवीत बसले. भागोजी, म्हणजे सासरे, घरातले अण्णा, खांबाला टेकून. त्यांच्या पायाशी मैना. समर्थ पायरीवर, अजिंक्य झोपाळ्यावर, वेदिका दाराआड अर्धी आत अर्धी बाहेर. दीपाली उभी. विषय समर्थने काढला, पण काढावा तसा काढला नाही.

"बाग बसली यंदा," तो म्हणाला.

"औषध मारलंस ना?" अजिंक्यने विचारलं.

"तीनदा मारला. लांज्याचा दुकानदार म्हणत होता, नागअळी असंल. मी म्हटला ती टोमॅटोवर पडते. ती असती तर औषधानं मेली नसती?"

"मग आता?"

समर्थने बायकोकडे पाहिलं. नवऱ्याने असं पाहिलं की कडू बोलायचं काम आपलं, हे दीपालीला लग्नापासून पाठ होतं.

"भावजी, राग मानू नका," ती म्हणाली. "पण बागेत सकाळी सकाळी कोण जातं आणि काय आणतं, ते एकदा विचारून घ्या."

झोपाळा थांबला. "कोण जातं?"

"विचारा की. दारातच उभी आहे."

वेदिका बाहेर आली. तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. "मी जाते," ती म्हणाली. "फिरायला जाते."

"फिरायला जाणारीनं झाडाला हात कशाला लावायचा?"

"ताई, मी तुमच्या झाडाला काहीही केलेलं नाही."

"तुमच्या!" दीपाली म्हणाली. "बघितलंत, आई? 'तुमच्या' झाडाला. म्हणजे तिची नव्हेतच ती."

"वयनी, हे जरा जास्त होतंय," अजिंक्य उठला. "ती का जाते ते मी सांगतो..."

"अजिंक्य." वेदिकाने एवढंच म्हटलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो जागच्या जागी थांबला. मुंबईत माणसांवर आवाज चढवणारा अजिंक्य बायकोच्या एका नजरेसरशी गप्प बसतो, म्हणजे दोघांचं मिळून काहीतरी आहे. दीपालीला आता कसली शंकाच उरली नाही.

मैनाने मधे पडून पाहिलं. "ऱ्हाऊ दे आता. भाकऱ्या टाकायच्या हायत..."

"आई, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, तिच्या भांडुपच्या बाईचं?"

"मी कधी काय म्हटला?" मैना पदर सावरत म्हणाली. "मी आपली कुळीथ निवडत होते."

सकाळची अर्धी बाजू संध्याकाळी अशी निघून गेली. दीपालीने आत जाऊन बरणी आणली आणि सासऱ्यांपुढे ठेवली. भागोजींनी ती दिव्याकडे धरली आणि फिरवून फिरवून पाहिली. पानांवरच्या त्या वेटोळ्या रेघा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जमिनीचा राखणदार नागाच्या रूपाने फिरतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"ह्या असा ठेवून घरात झोप लागायची नाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी देवळात. भिकाजी गुरवाला मी सांगतो. वेदिका, तू काय केला नसशील तर देवीसमोर नारळ हातात घे, सांग, नि पायरीवर फोड. विषय संपला. पुन्हा ह्या घरात कोण तोंड उघडणार नाय. दीपाली, तूसुदा."

"आणि नाय फोडला तर?" समर्थने विचारलं.

भागोजींनी त्याच्याकडे न पाहताच सांगितलं, "तर चूल वेगळी."

वेदिका आत निघून गेली. तिच्या मागोमाग अजिंक्य. भिंतीपलीकडून दोघांची कुजबुज बराच वेळ ऐकू येत होती. दीपाली भाकऱ्या थापत होती आणि कान भिंतीला होते. तिच्या कानी एकच वाक्य पडलं. वेदिका म्हणत होती, "अजून नाही. निदान ह्या घरात तरी नाही."

*

गावदेवीच्या देवळात रविवारी सकाळी उन्हाची तिरीप बरोबर सभामंडपाच्या मधोमध येते. भिकाजी गुरवाने जमीन झाडून ठेवली होती. बाहेरचं माणूस एकही नव्हतं. भागोजींनी तेवढी अब्रू राखली होती.

गाऱ्हाणं सुरू झालं. भिकाजीचा आवाज एरवी चहाच्या टपरीवर ऐकावा तसा साधा, पण देवीसमोर तो खर्जात जातो. "बा देवी, ह्या तुझ्या लेकरांच्या घरात संशयाचा काटा शिरलाहा. ज्यानं केला असंल त्याचं तू बघ. ज्यानं केला नसंल त्याच्यावरचा आळ दूर कर." "होय म्हाराजा," भागोजी म्हणाले. समर्थ म्हणाला. मैना पुटपुटली. अजिंक्यचे ओठ हललेच नाहीत.

एरवी त्या घरात बाईने नारळ फोडायची पद्धत नव्हती. देवळात पुरुष फोडत, घरात पुरुष फोडत. आळ आलेली बाई तेवढी आपला नारळ आपण फोडणार, कारण तिथे दुसऱ्याचा हात चालत नाही. भिकाजीने शेंडीचा नारळ वेदिकाच्या हातात दिला.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. देवीकडे पाहून स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी त्या बागेचं काही वाईट केलेलं नाही. करायचं मनातही आणलेलं नाही. केलं असेल तर देवी मला बघून घेईल."

"फोड," भागोजी म्हणाले.

वेदिका पायरीपर्यंत गेली. वाकली. मग सरळ झाली. नारळ तिने पोटाशी धरला होता.

"मी फोडणार नाही," ती म्हणाली.

मैनाने तोंडाला पदर लावला. समर्थने मान खाली घातली, जणू हे त्याला बघायचंच नव्हतं. दीपालीला जिंकल्यासारखं वाटलं. इतके दिवस जे आपण एकटीने पाहिलं ते आता देवीने सगळ्यांना दाखवलं.

"शब्द बोलायला सोपा असतो," ती म्हणाली. "हात उचलवत नाही, बघा."

"वयनी, पुरे," अजिंक्य म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

भागोजी सावकाश खाली बसले. एका रात्रीत त्यांचं वय वाढलं होतं. "ती पानं हिकडं आण," ते म्हणाले. "देवीच्या पायाशी ठेव. मग मी काय बोलायचा ता बोलतो."

दीपालीने घरून फडक्यात गुंडाळून आणलेली बरणी बाहेर काढली. झाकण घट्ट बसलं होतं. पदराने पकडून तिने ते पिळलं, झटका बसला, आणि पानं देवीपुढच्या फुलांच्या परडीत ओतायला तिने बरणी तिरकी केली.

पानांच्या आधी दुसरंच काहीतरी बाहेर आलं.

आधी तिला वाटलं धूळ उडाली. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी, पांढरं, उन्हाच्या तिरिपेत लुकलुकलं. मग अजून एक. मग बरणीच्या तोंडातून ती येतच राहिली, इवली इवली पाखरं, पंख चांदीसारखे, पंखांच्या टोकाला काळा ठिपका. काही भिकाजीच्या धोतरावर बसली. एक भागोजींच्या मनगटावर. दोन-तीन वेदिकाच्या हातातल्या नारळाच्या शेंडीवर जाऊन टेकली.

समर्थ पुढे झाला. परडीतलं एक पान त्याने उचललं, नखाने रेघेची साल काढली. पानाला वरून कागदासारखा पापुद्रा होता, तो सोलून निघाला. कडेची दुमड त्याने उलगडली. आत सुईच्या टोकाएवढं रिकामं टरफल. दुसऱ्या पानाच्या दुमडीत टरफल अजून भरलेलं होतं, तपकिरी, जिवंत. आत काहीतरी हललं.

"अळी," तो म्हणाला. "सालीच्या आत ऱ्हाते ही. औषध लागणार कुठून हिला? वरनं फवारून पान भिजलं, ही आत कोरडी." त्याने पान परडीत परत टाकलं. "दुकानदार बोलला होता. मी ऐकला नाय."

"म्हणजे कोणी काय केला नाय?" मैनाने विचारलं.

"ह्या पाखरांनी केला, आई. कोवळ्या पानावर अंडी घालतात. आपण पेंड घालून पालवी काढत ऱ्हायलो नि ती जेवत ऱ्हायली."

भागोजींनी मनगटावरचं पाखरू हाताने हाकललं नाही. ते आपणहून उडेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नारळ ठेव खाली, पोरी. आळ फिटला."

वेदिकाने नारळ देवीच्या पायाशी ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर पडली. अजिंक्य मागे निघाला, पण भागोजींनी त्याचा हात धरला आणि तो हात त्यांच्याच्याने लवकर सोडवेना. म्हाताऱ्याला माफी मागायची होती आणि ती मागायची सवय नव्हती.

म्हणून वेदिकाच्या मागे गेली ती दीपाली.

*

देवळामागे विहीर आहे, आणि विहिरीला दगडी काठ. वेदिका तिथे बसली होती. दीपाली चार पावलांवर थांबली. काय बोलायचं ते तिने येताना जुळवलं होतं, पण समोर आल्यावर त्यातलं काही उरलं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती, खरीखुरी.

"वेदिका, चुकलं माझं," ती म्हणाली.

वेदिका एकदम पुढे वाकली, तिला उमासा आला. रिकामाच. तो सरल्यावर तिने कमरेच्या पदराची गाठ सोडली, आतून एक कोवळं लिंबाचं पान काढलं, बोटांनी चुरडलं आणि डोळे मिटून नाकाशी धरलं. श्वास आत घेतला. पुन्हा घेतला. चेहऱ्यावर रंग परत आला.

दीपाली बघत राहिली. सकाळची ती वाकलेली आकृती, पदरात लपवलेलं काहीतरी, सफरचंदं-डाळिंबं, पोटाशी धरलेला नारळ. तिच्या स्वतःच्या मोठ्या मुलाच्या वेळी मैनाने तिला नारळ फोडतात तिथे उभंही राहू दिलं नव्हतं. बाई दोन जिवांची असताना नारळ फोडत नाही, कोहळा चिरत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण डोळ्यांवर एकदा आळाचा चष्मा चढला की माणसाला पोटाशी गेलेला हातही गुन्हेगाराचा दिसतो.

"कितवा?" तिने हळूच विचारलं.

"चौथा लागलाय."

"अगो बाय माझे." दीपाली तिच्याशेजारी बसली. आनंद झाला होता तिला, आणि लगेच त्या आनंदाला राग चिकटला. "एवढी मोठी गोष्ट, आणि मला सांगितली नाहीस? काल पडवीत एक शब्द बोलली असतीस तर हे देऊळ, ही पायरी, काही झालं नसतं. मी काय परकी आहे? माझ्यापासून लपवायचं कशाला?"

वेदिकाने चुरडलेलं पान मुठीत मिटलं. तिने दीपालीकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दीपालीला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"गेल्या वर्षी गणपतीत सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम पातोळे केले होते. मी पोटभर खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी आपण तालुक्याच्या दवाखान्यात होतो. ते बाळ तिथेच गेलं."

ती उठली, साडी झटकली आणि देवळाला वळसा घालून घराच्या वाटेला लागली.

दीपाली काठावरच बसून राहिली. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं. दुसरं काय असणार पातोळ्यात? तिला ते वेदिकाच्या मागे धावत जाऊन ओरडून सांगायचं होतं. तिला आत जाऊन भिकाजीकडून तो नारळ घ्यायचा होता आणि देवीसमोर फोडायचा होता. पण नारळ हातात घ्यायला आधी कुणीतरी तोंडावर आळ घालावा लागतो. वेदिकाने तो घातला नव्हता. ती नुसता आपला भात वेगळा लावत होती, आणि आता बाळ होईपर्यंत लावत राहणार होती.